यष्टीतून उतरलेली मावशी

माय, तुझ्या वसतिगृहातल्या पोरींपैकी एक या महिन्यात भेटली, आणि मला अजून तिचा राग येतो आहे. सेहेचाळीस वर्षांची बाई झाले, केस रंगवते, ऑफिसात नवी पोरं मला बघून खुर्चीवरून उठतात, आणि तरी ती बोलता बोलता 'आमच्या मावशी' म्हणाली तेव्हा अगदी तशीच चिडले, जशी दहाव्या वर्षी चिडायचे. तू जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या काळात बाई नवऱ्यावरचा राग विसरते, सासूवरचासुद्धा विसरते. हा काही केल्या जात नाही.

सुरुवात माझ्या लेकीच्या शाळेपासून झाली. तिला तू पाहिलंच नाहीस. अकरा वर्षांची आहे, इंग्रजी शाळेत जाते, आणि डिसेंबर लागला की त्या शाळेत जिकडं तिकडं कागदी चांदण्या आणि लाल टोप्या. बाईंनी लिहून आणायला सांगितलं होतं, तुमचा आवडता नाताळचा चित्रपट कोणता आणि तो वेगळा का वाटतो. तिनं तिचं काहीतरी खरडलं आणि मग सहज विचारलं, "मम्मी, तुझा कोणता गं?" मी म्हणणार होते की आपल्या घरात कसला आलाय नाताळ, आपल्या कपाटावर बुद्धाची मूर्ती आहे, दिसत नाही का. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "एकच. तुझ्या आजीचा." ती म्हणाली, "आजी पिक्चरमध्ये होती?" मी म्हटलं, नाही, आजी पिक्चरच्या शेजारी उभी राहायची.

खोटं नाही सांगितलं. तू शेजारीच उभी राहायचीस. छावणी भागातल्या मिशनच्या त्या मुलींच्या वसतिगृहात तू स्वयंपाकाला होतीस, आणि तिथल्या जेवणघरात दर पंचवीस डिसेंबरला बाकं बाजूला सारून चटया अंथरायच्या, भाड्यानं टीव्ही आणि व्हीसीआर आणायचा, आणि कुणा परदेशी सिस्टरनं मायदेशी परत जाताना ठेवून दिलेली एकुलती एक कॅसेट लावायची. पिक्चर इंग्रजी. समोर बसलेल्या पोरींना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. तुलाही नाही, तू तर चौथीपर्यंत शिकलेली. पहिल्या वर्षी तू करंज्यांचं ताट घेऊन फिरत होतीस आणि एका पोरीनं विचारलं, "मावशी, ही काय म्हणायली?" तुला 'माहीत नाही' म्हणायची सवय नव्हती. तू ताट खाली ठेवलंस, टीव्हीशेजारी जाऊन उभी राहिलीस आणि सांगायला लागलीस. पुढच्या वर्षीपासून तो रिवाजच झाला. टीव्हीचा आवाज बारीक करायचा आणि मावशीचा मोठा.

चोवीस तारखेपर्यंत बहुतेक पोरी घरी गेलेल्या असायच्या. कुणाचा बाप फुलंब्रीहून सायकलवर येई, कुणाचा मामा गंगापूरहून जीप करून. ज्यांना न्यायला कुणी येत नसे अशा पंधरा-वीस जणी मागं उरत, आणि मोठ्या दिवसाचा तो पिक्चर खरं तर त्यांच्यासाठीच होता. पुढची चटई त्यांची. हा नियम तुझाच. आम्ही कामवाल्या बायकांची लेकरं मागं, भिंतीला टेकून. मी एकदा पुढं जाऊन बसले तर तू सगळ्यांसमोर दंड धरून मला उठवलंस. "तुला म्या हाय की घरी. तिकडं बस." मला ते वाक्य अजून उलगडत नाही. घरी होतीस, हे खरं. पण गोष्ट सांगणारी तू घरी कधी होतीस?

मी तो पिक्चर पाठ म्हणू शकते, म्हणजे तुझा. बर्फातलं एक गाव आहे, तिथं एक म्हातारा छोटंसं पोस्ट चालवतो आणि त्याची आठ वर्षांची नात पत्रांवर शिक्के मारते. बर्फ आमच्यापैकी कुणी पाहिला होता? तू सांगायचीस, "ह्यो समदा कापूस हाय. वेचायला माणूस मिळंना, म्हणून असा पडून ऱ्हायलाय." वैजापूरकडच्या पोरी हसून हसून आडव्या व्हायच्या. सूप म्हणजे पातळ पिठलं. घसरगाडी म्हणजे चाकं काढलेली बैलगाडी. म्हातारा तिरसट होता तर तू त्याला आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवाल्याचा आवाज दिला होतास. मग बस यायची, तिच्यातून हिरव्या कोटातली बाई सुटकेस घेऊन उतरायची, आणि तू पदर खोचून पुढं वाकायचीस. "ही बघा, उतरली यष्टीतून. ही पोरीची मावशी. लई लांबून आलीय. पोरीला माय न्हाय ना, म्हणून मावशी आलीय."

ती बाई दार वाजवते. पोरगी खिडकीतून बघते आणि उघडत नाही. "मावशी, ती दार कामून उघडंना?" पुढच्या चटईवरून प्रश्न. "रुसलीय. इतक्या दिसांनी आलीस व्हय, म्हणून रुसलीय." बाई पायरीवर बसून राहते, कापूस पडतच असतो. पोरगी खिडकीतून पिठल्याची वाटी देते पण बोलत नाही. शेवटी ती बाई सुटकेस उचलून बसथांब्याकडं चालायला लागते, आणि तेवढ्यात पुढच्या चटईवर कुणीतरी मुसमुसतं. "गेली, मावशी गेली!" आणि तू म्हणायचीस, "जाती कुठं? पोरीला टाकून मावशी कधी जाती व्हय?" मग पोरगी अनवाणी धावत सुटते. त्या क्षणी पुढच्या वीस माना वळायच्या. पडद्याकडं एकही बघत नसे, सगळ्या तुझ्याकडं बघायच्या. मी मागं भिंतीला टेकलेली असायचे. मला फक्त त्यांची डोकी दिसायची, तेल लावून चापूनचोपून विंचरलेली, कारण सकाळी ती तूच विंचरलेली असायचीस.

भीमनगरच्या आपल्या दोन खोल्यांत तू परत यायचीस तेव्हा तुझ्यात काही उरलेलं नसायचं. मी म्हणायचे, "मला सांग ना तो पिक्चर. मला एकटीला." तू म्हणायचीस, "आत्ताच बघितलास की. पाय दाब जरा." मी दाबायचे. बर्फाच्या गावात पोचायच्या आत तू झोपलेली असायचीस. त्यांना गोष्ट मिळाली, मला पाय मिळाले.

एकदा मी युक्ती केली होती, आठवते तुला? सकाळी भाकरीसाठी पोरींची रांग लागली होती. जी गोड आवाजात 'मावशी' म्हणेल तिच्या भाकरीवर तू गुळाचा खडा ठेवतेस हे माझ्या ध्यानात आलं होतं. मी ताटली घेऊन रांगेत उभी राहिले आणि माझी पाळी आल्यावर म्हटलं, "मावशी, मला पण." तू तव्यावरची भाकरी तशीच सोडलीस. चुलीसमोरून उठलीस, माझा कान धरून मला मोरीपाशी नेलंस. भाकरी करपल्याचा वास येतो आहे, रांगेतल्या पोरी माना उंचावून बघताहेत, आणि तू दात ओठ खाऊन म्हणतेस, "पुन्हा म्हणून बघ. जीभ हासडून हातात देईन. मावशी त्यांची हाय मी. तुजी माय हाय, कळलं का?" आज ते आठवलं की बरं वाटतं. तेव्हा नाही वाटलं. तेव्हा एवढंच दिसलं की गूळ मिळाला नाही.

बाराव्या वर्षी मी ती कॅसेट लपवली. हे तुला माहीत आहे, पण मी माझ्या तोंडानं कधी कबूल केलं नव्हतं, म्हणून लिहिते. चोवीस तारखेला तुला ती पुसून ठेवायला दिली होती, आणि तू आधणाला पाणी ठेवायला गेलीस तेवढ्यात मी ती ज्वारीच्या पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून पुरली. माझा हिशेब साधा होता. कॅसेट नाही तर पिक्चर नाही, पिक्चर नाही तर तू लवकर घरी येणार, दमलेली नसणार, आणि मला एकटीला सांगणार. पंचवीसला सगळ्यांनी शोधाशोध केली. व्हीसीआर आला होता, टीव्ही मांडून ठेवला होता. कपाटं झाली, माळा झाला. पुढच्या चटईवर त्या वर्षी आलेली एक बारकी पोर होती, वैजापूरकडची, नुकतीच आई गेलेली. ती रडायला लागली. मोठ्यानं नाही, नुसतं नाक ओढत.

तू तिच्याकडं बघितलंस. हात पदराला पुसलेस आणि बंद टीव्हीशेजारी तुझ्या रोजच्या जागी जाऊन उभी राहिलीस. "काय झालं त्याला? बसा समद्या. सुरू झाला पिक्चर. बघा, कापूस पडायलाय." आणि त्या काळ्या काचेकडं बोट दाखवत तू अख्खा पिक्चर सांगितलास. चित्र आड येत नव्हतं, त्यामुळं तू सुटलीस. म्हाताऱ्याला खोकला लागला, पोस्टात एक मांजर आलं, मावशीच्या सुटकेसमध्ये काय काय आहे ते तू एकेक करून बाहेर काढलंस, त्यात वैजापूरच्या बाजारातल्या बांगड्यासुद्धा निघाल्या. ती बारकी पोर रडायची थांबली आणि हळूहळू सरकत तुझ्या पायाशी येऊन बसली. तू सांगता सांगता तिच्या डोक्यावर हात ठेवलास आणि शेवटपर्यंत काढला नाहीस. तो पिक्चर वेगळा का वाटतो, असं मला शाळेतल्या बाईंनी विचारलं असतं तर हेच लिहिलं असतं, की मी पाहिलेला त्याचा सगळ्यात चांगला खेळ टीव्ही बंद असताना झाला, आणि तो मी माझ्या वाईटपणानं घडवून आणला, आणि तो माझ्यासाठी नव्हता.

दुसऱ्या दिवशी पीठ काढताना तुला कॅसेट सापडली. मी शेजारीच डाळ निवडत होते. तू ती पदरानं पुसलीस, फुंकर मारलीस, फळीवर ठेवलीस. माझ्याकडं न बघता म्हणालीस, "बाह्या झटक. परवापसून पीठ लागलंय." बस एवढंच. नंतर त्यावर कधी शब्द काढला नाहीस. दोन मुस्कटात मारल्या असत्यास तर मी केव्हाच विसरले असते.

तर लेकीनं तो पिक्चर शोधला. हिरवा कोट, पोस्ट, बर्फ, एवढं मोबाइलला सांगितलं आणि दोन मिनिटांत सापडला. आम्ही दोघी सोफ्यावर बसलो, खाली अक्षरं उमटत होती. बस आली, बाई उतरली, मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, ही मावशी. तिनं दार वाजवलं. खिडकीमागची पोरगी काहीतरी म्हणाली आणि माझी लेक म्हणाली, "मम्मी, मावशी काय! ही तिची आई आहे. हिला आजोबांकडं टाकून शहरात कामाला गेली होती. म्हणून ती दार उघडत नाही."

मी मोठ्यानं हसले. माय, मला इतका आनंद झाला की तुला काय सांगू. तू चुकली होतीस! आणि तुझी चूक मला लगेच कळलीसुद्धा. आपल्यात बाई स्वतःच्या घरी दार वाजवून येते का? सुटकेस हातात धरून पायरीवर थांबते का? पाहुणी थांबते. म्हणून तुझ्या डोक्यात ती मावशी ठरली. म्हणजे त्या सगळ्या पोरी, ती पुढची चटई, ते तेल लावलेले केस, सगळ्यांनी इतकी वर्षं खोटा पिक्चर जपला होता, आणि खरा माझ्याकडं होता. पहिल्यांदा मला त्यांच्याहून जास्त काहीतरी मिळालं होतं. ते त्यांना कधी एकदा सांगते असं झालं.

रविवारी लेकीला स्कूटरवर बसवून छावणीत गेले. तिला आजीची जागा दाखवायची, हे सांगण्यापुरतं कारण. ती बारकी पोर आता त्या वसतिगृहाची अधीक्षिका आहे हे मला ठाऊक होतं. चष्मा लावते, आवाज खणखणीत. मला बघून उठली, "ताई, या," म्हणाली, चहा सांगितला, आणि मग 'आमच्या मावशी' सुरू झालं. आमच्या मावशींनी ती कढीपत्त्याची झाडं लावली. आमच्या मावशींचा पिक्चर आम्ही अजून दाखवतो, कॅसेटवरून उतरवून घेतलाय, मीच सांगते. चहा अर्धा झाल्यावर मी म्हटलं, "तुम्हाला एक गंमत सांगू? ती बाई मावशी नाहीच. आई आहे. आमच्या मायला इंग्रजी येत नव्हतं ना, चुकलं तिचं."

ती हसली नाही, दचकलीही नाही. म्हणाली, "माहिती आहे, ताई. मी पाचवीत असताना मावशींना विचारलं होतं, तांदूळ निवडताना. म्हटलं, ती पोरगी मम्मी म्हणते, मी तिचे ओठ बघितले." मग तिनं तुझा आवाज काढला. हुबेहूब काढला, माय, मला काढता येत नाही तसा. "व्हय, मायच हाय ती. पण इथं बसलेल्या किती जणींची माय यष्टीतून उतरणार हाय? मावशी म्हणलं की म्या तरी हाय."

मी कप बशीत ठेवला. तिनं एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मीच विचारलं, कारण मला राहवेना. मला का नाही सांगितलं तिनं? मी तिची पोटची होते. अधीक्षिका बाईंनी टेबलावरची पट्टी सरळ केली. म्हणाली, "मीपण तेव्हा विचारलं होतं, ताईला ठाऊक हाय का म्हणून. मावशी म्हणाल्या, तिला न्हाय सांगायचं. तिच्या मनात लई खदखदतं. एखाद्या दिशी तुम्हाला टोचायला वापरील." आणि मग घाईनं पुढं म्हणाली, "लहान होतो हो आपण."

लहान कसली! मी त्याच कामासाठी स्कूटरला किक मारून तिच्या दारात आले होते. तीसेक वर्षं आधीच तुला माझी ही खेप दिसली होती. तेव्हाचा माझा संताप काय वर्णू. तुझ्यावर, तिच्यावर, सगळ्यात जास्त माझ्यावर. तू तिला खरं सांगितलंस आणि माझ्यापासून लपवलंस, म्हणजे तू तिला जास्त ओळखत होतीस असं आधी वाटलं. पण तू मला तिच्याहून जास्त ओळखत होतीस, आणि ओळखून गप्प बसली होतीस. हेही प्रेमच असेल. पण असलं प्रेम पाठीवर हात फिरवत नाही.

उठताना ती म्हणाली, "यंदा तुम्ही सांगा ना पिक्चर. मावशींची लेक म्हटल्यावर मुलींना केवढं वाटेल." मी नाही म्हणणार होते. पण लेक शेजारी उभी होती, तिच्यासमोर नाही म्हणता आलं नाही.

काल गेले. टीव्ही आता भिंतीवर, मोठा. चटयांच्या जागी सतरंज्या. अठरा जणी होत्या. मी आवाज बारीक केला आणि शेजारी उभी राहिले. वाईट सांगितलं, माय. म्हाताऱ्याचा आवाज जमला नाही, कापसावर कुणी हसलं नाही, दोघी-तिघी तर जांभया द्यायला लागल्या. मग बस आली. हिरव्या कोटातली बाई उतरली आणि पुढून एका पोरीनं विचारलं, "मॅडम, ही कोण?" दारात अधीक्षिका उभी होती. ती माझ्याकडं बघत होती. पुढं अठरा तोंडं. मागं भिंतीला टेकून माझी लेक, कारण पुढं येऊन बसत होती तेव्हा मीच तिला म्हटलं होतं, तू मागं बस. तिला खरं ठाऊक होतं. तिनं हातसुद्धा वर केला होता, सांगायला.

मी म्हटलं, "मावशी. लई लांबून आलीय."

आणि त्यानंतर मला सांगता यायला लागलं. कुठून आलं कुणास ठाऊक. पायरीवरची थंडी आली, पिठल्याची वाटी आली, आणि ती बाई परत निघाली तेव्हा सतरंजीवर एकीनं माझी साडी धरली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. काढवेना. पिक्चर संपल्यावर पोरी गराडा घालून उभ्या राहिल्या, आणि खरं सांगते, मला ते इतकं गोड लागलं की अर्धा तास मी मागच्या भिंतीकडं पाहिलंच नाही.

परत येताना लेकीनं माझ्या कमरेला हात घातला नाही. मागचा दांडा धरून बसली. घरी आल्यावर मी म्हटलं, "तुला सांगू का गं, तुला एकटीला?" ती म्हणाली, "मला माहितीये पिक्चर," आणि आतून कडी लावून घेतली.

आज सकाळी ती अजून उठायची आहे आणि मी स्वयंपाकघरात बसून हे लिहिते आहे. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण पुढचं तुला वाचू द्यायचं नाही. ज्या वर्षी मी कॅसेट लपवली, त्या दिवशी त्या बारक्या पोरीच्या डोक्यावरचा तुझा हात बघत बघत मी मनातल्या मनात मागितलं होतं की मला आई नसावी. डोळे मिटून, नीट, पुन्हा पुन्हा मागितलं होतं. आणि काल त्या दाराच्या आत माझ्या लेकीनं काय मागितलं असेल, ते मला तिला विचारायची गरज नाही.